नाव एक, कर्ते अनेक

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये शबद ऐकताना ‘नानक’ हे नाव पुन्हापुन्हा कानी पडते. रचणारे मात्र सहा शीख गुरू. पहिले नानक, सुलतानपूरच्या मोदीखान्यात धान्य मोजणारे. दुसऱ्या अंगददेवांनी गुरुमुखी लिपीला घडण दिली. पाचव्या अर्जनदेवांनी 1604 मध्ये शिखांचा धर्मग्रंथ सिद्ध केला. सगळ्यांनी नाममुद्रा पहिल्यांचीच घेतली. कोणते पद कोणाचे, हे शीर्षकातल्या ‘महला’ या शब्दापुढचा आकडा सांगतो.

याच ग्रंथात शिंपी नामदेवांची 61 पदे आहेत.

नामदेवांच्या मराठी गाथेत मात्र असा आकडा नाही. महाभारत मराठीत आणणाऱ्या विष्णुदास नामाचे अभंग नामदेवांच्या अभंगांत मिसळून गेले. वारकरी टाळाच्या ठेक्यावर दोन्ही गातो; निवडत बसतात ते अभ्यासक. मीपणा सोडलेल्याला श्रेय कशाला, असे भक्त विचारील. पण विष्णुदासाने आपले श्रेय सोडले होते, की ते त्याच्याकडून सुटले?