ज्या गुरूचं नाव माहीत नाही

॥ श्री ॥



गेल्या महिन्यात आमच्या म्हापशाच्या घरात एक छोटंसं वादळ झालं. घरातली गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, असं आधी वाटलं. पण त्यातून जो प्रश्न निघाला तो आपल्या प्रत्येकाच्या घरी आज ना उद्या येणारच आहे, म्हणून लिहिते.

आमची धाकटी मुलगी यंदा आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी 'रचना शारीर' नावाचा विषय असतो. शरीर कशाकशाचं बनलं आहे ते शिकायचं. हाडं, सांधे, शिरा, सगळं. एका शनिवारी ती घरी आली ती कापडी पिशवी घेऊन. वरच्या वर्गातल्या मुलीकडून अभ्यासाला आणलेली हाडं होती त्यात. मांडीचं एक, दंडाचं एक, खांद्याचं पातं आणि दोन मणके. प्लॅस्टिकची नव्हेत, खरी.

सासूबाईंनी पिशवी उघडली मात्र, घर डोक्यावर घेतलं. "माणसाचं हाड? आणि ते ह्या खोलीत? चवथीला माटोळी बांधतो आम्ही इथं!" पोर पिशवी घेऊन ओसरीवर जाऊन बसली. डोळ्यांत पाणी. सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती.

थोड्या वेळानं सासरे बाहेर आले. वय ८२, सगळी हयात शिक्षकी केलेले. तिच्या शेजारी बसले, मांडीचं हाड हातात घेतलं आणि म्हणाले, "हे कोणाचं गे बाय?"

ती म्हणाली, "मांडीचं, आजोबा. ऊर्वस्थी म्हणतात."

"ते कळलं मला. माणूस कोण?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ते कोणालाच माहीत नाही."

हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. आपण गुरुपरंपरा मानणारी माणसं. ज्याच्याकडून एक अक्षर शिकलो त्यालाही नमस्कार करावा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. मग ज्या माणसाच्या हाडावरून माझी मुलगी शिकते, तो तिचा कोण? आणि तिच्याकडून त्याचं देणं काय?

आधी ती काय शिकते ते सांगते. मलाही हे सगळं तिच्याबरोबर बसून कळलं.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या अंगात त्याहून जास्त असतात. वाढता वाढता काही एकमेकांना जुळत जातात. दोन हात आणि दोन पावलं मिळूनच १०६, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं काम करायला आणि चालायला दिलेली आहेत. कानातलं सगळ्यात लहान हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं. गळ्यात जिभेच्या मुळाशी एक हाड आहे, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्यानं जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंवर आणि बंधांवर तोललेलं आहे. आपण बोलतो, गिळतो, नामस्मरण करतो ते त्याच्या आधारानं. आणि हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं बनतं.

स्नायूंचं तर मला फारच आवडलं. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीजोडीनं काम करतात. हात कोपरात वाकवताना दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो, तेव्हा मागच्यानं सैल व्हावं लागतं. हात सरळ करताना उलट. दोघांनी एकदम ताणून धरलं तर हात जागच्या जागी अडकतो. सासूबाई आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "संसारासारखंच म्हणायचं." घरातला राग तिथं थोडा उतरला.

आता मूळ मुद्दा. मेलेल्या शरीराला हात लावून शिकणं हे आपल्या धर्माविरुद्ध आहे का?

पुष्कळांना वाटतं की शवविच्छेदन हे परदेशातून आलं. आपल्या गोव्यात तर पोर्तुगिजांनी १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा काढली, तिचंच पुढं गोवा मेडिकल कॉलेज झालं. ते बांबोळीला गेलं आणि पणजीच्या जुन्या इमारतीत आता इफ्फी भरतो. त्यामुळे हे सगळं साहेबाचं शिक्षण, असा समज आहे.

पण सुश्रुत संहितेच्या शारीरस्थानाचा पाचवा अध्याय बघा. ज्याला शल्यक्रियेचं निःसंशय ज्ञान हवं त्यानं मृत शरीर नीट स्वच्छ करून प्रत्येक अवयव स्वतः बघावा, असं सुश्रुत स्पष्ट सांगतात. रीतही दिली आहे. शरीर गवतात किंवा सालीत गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला सोडायचं. सात दिवसांनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत, त्वचेपासून एकेक थर बघत जायचं. नुसतं पाठांतर पुरे नाही आणि नुसतं बघणंही पुरे नाही. शास्त्र आणि प्रत्यक्ष, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, असं त्यांचं म्हणणं.

सुश्रुत हाडं ३०० मोजतात. हे चूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. ते दात आणि कूर्चाही त्यात धरतात.

मधल्या शतकांत हे मागं पडलं. स्पर्श-अस्पर्श, विटाळ ह्यांचं भय वाढलं. जाणत्या वैद्यांनी शरीराला हात लावायचं सोडलं आणि ग्रंथ तेवढे पाठ राहिले. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनी शवविच्छेदन केलं, ती आधुनिक काळातली मोठी घटना मानतात. हे गुप्त आयुर्वेदाचे वैद्य आणि संस्कृतचे पंडित होते. सुश्रुत संहिता छापून काढण्याचं काम त्यांनीच केलं होतं. म्हणजे ग्रंथ वाचणाऱ्यानंच शेवटी ग्रंथाची आज्ञा पाळली.

युरोपातही हेच घडलं होतं. तिथं गेलन नावाच्या प्राचीन वैद्याचा शब्द तेराशे वर्षं प्रमाण मानत. पण त्यानं प्राण्यांची शरीरं उघडली होती, माणसांची नव्हेत. १५४३ साली वेसालियसनं माणसाचं शरीर स्वतः उघडून ग्रंथ लिहिला तेव्हा कळलं की माणसाच्या खालच्या जबड्याचं हाड एकच आहे, दोन नव्हेत. तेराशे वर्षं प्रत्येकाच्या तोंडात ते होतंच, पण बघितलं कोणी नाही.

तेव्हा शिकणं अधर्म नाही, हे मला पटलं. त्याच अध्यायात सुश्रुत आणखी एक गोष्ट सांगतात. शरीरात जो अत्यंत सूक्ष्म प्रभू आहे तो ह्या डोळ्यांना दिसत नाही, तो ज्ञानाच्या आणि तपाच्या डोळ्यांनीच दिसतो. सगळे थर उघडून बघितल्यावर जो सापडत नाही, त्याचीच तर आपण साधना करतो.

पण बाबांचा प्रश्न वेगळा होता. "माणूस कोण?"

इथं थोडं कडू बोलावं लागतं. वैद्यकीय शिक्षणाला जी शरीरं मिळत आली त्यांतली फार मोठी संख्या बेवारस माणसांची. रस्त्यावर, स्टेशनवर, इस्पितळात एकटं मेलेलं माणूस. कोणी न्यायला आलं नाही म्हणून कायद्यानं ते शरीर शिक्षणाला दिलं. त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. आपण त्याला 'देहदान' म्हणतो, पण दान म्हणजे देणाऱ्यानं स्वतः होऊन दिलेलं. हे आपण घेतलेलं आहे.

पुराणातली दधीची ऋषींची गोष्ट आठवा. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं आणि ते दधीचींच्या अस्थींचंच होणार होतं. देवांचा राजा इंद्र, पण त्यालाही ऋषींच्या दारात जाऊन मागावं लागलं. ऋषींनी आनंदानं हो म्हटलं, म्हणून ते दान. आणि आपण? ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याच्या अस्थी घेतल्या, त्यावर आपले डॉक्टर तयार झाले, आणि त्या डॉक्टरांनी आपल्या माणसांची मोडलेली हाडं बसवली. माझ्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या डॉक्टरांचा हात कोणावर तरी बसला असणारच. ज्या हाडाचा विटाळ झाला, त्याच विद्येवर त्या आज चालतात. हे मी त्यांना दुखवायला बोलत नाही. त्या स्वतःच हे नंतर म्हणाल्या.

मग हे ऋण फेडायचं कसं? त्या माणसाला शोधून काढता येत नाही. गुरूचं ऋण गुरूला परत करता येत नाही तेव्हा ते पुढच्याला द्यायचं असतं, ही आपली रीत. ज्यांना मुलंबाळं आहेत, घर आहे, नाही म्हणायची मोकळीक आहे, अशांनी स्वतः होऊन हो म्हटलं, तर ज्याला कोणी नाही त्याच्यावरचा भार तेवढा कमी होईल.

आपल्या मराठी मुलखातलंच उदाहरण आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख. जन्मभर समाजकार्य केलं, २०१० साली चित्रकूटला देह ठेवला आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तो दिल्लीच्या एम्स संस्थेला शिक्षणासाठी दिला गेला. दधीचींच्या नावाच्याच संस्थेकडे त्यांनी तशी इच्छा आधी नोंदवून ठेवली होती. श्रद्धावान माणसाला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

थायलंडमध्ये अशा देहाला विद्यार्थी 'थोर गुरुजी' म्हणतात. तैवानमध्ये त्झू ची विद्यापीठात तर विद्यार्थी देह देणाऱ्याच्या घरी जातात, घरच्यांकडून त्याचं आयुष्य समजून घेतात. तिथं 'माणूस कोण?' ह्या प्रश्नाला उत्तर मिळतं. आपल्याकडेही पुष्कळ महाविद्यालयांत आता पहिल्या दिवशी मुलं त्या देहापुढं हात जोडून शपथ घेतात. आमच्या मुलीनंही घेतली होती.

आता खरी अडचण. त्याच रात्री जेवताना बाबा म्हणाले, "माझा देह द्यायचा. फॉर्म आणा."

सगळे थिजले. आई जेवणावरून उठल्या. माझे यजमान म्हणाले, "बाबा, अग्नी देणं हा माझा हक्क आहे. तो तुम्ही काढून घेताय."

हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. अंत्यसंस्कार मेलेल्यासाठी असतात तितकेच मागं राहिलेल्यांसाठी असतात. मुलाला बापासाठी शेवटचं काहीतरी हातानं करायचं असतं. पुढं जाऊन 'देहदान न करणारे मागासलेले' असं म्हणणं हा अहंकार झाला. सक्तीचं दान हे बेवारस देह घेण्यासारखंच.

आम्ही आमच्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, देह मिळाला नाही तर करायचा पालाशविधी शास्त्रात आहेच, पुढचं दिवसकार्यही करता येतं. घरी अंत्यदर्शन, तुळशीपत्र, गंगाजल सगळं करून मग देह न्यायचा. सद्गती कर्मानं आणि नामानं मिळते, ती लाकडांवर अवलंबून नाही. देह हे जुनं वस्त्र, हे गीता सांगते. वस्त्र उतरवल्यावर ते कोणाच्या उपयोगी पडलं तर उतरवणाऱ्याचं काय बिघडतं?

महिनाभर घरात हे चाललं. कोणी कोणावर ओरडलं नाही, हीच कृपा. एके दिवशी शुक्रवारच्या बाजारातून येताना यजमान मला म्हणाले, "बाबांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांना आणखी एक वर्ग घ्यायचाय, असंच ना?" घरी येऊन त्यांनी फॉर्मवर सही केली. आईंनी अजून काही म्हटलेलं नाही. त्यांना कोणी घाई करणार नाही, असं बाबांनीच सांगितलंय. स्वतःचं विचाराल तर मी अजून ठरवलेलं नाही, पण नेत्रदानाचा फॉर्म भरलाय.

ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. नुसता फॉर्म भरून भागत नाही. मागच्या माणसांनी कळवलं नाही तर इच्छा कागदावरच राहते, म्हणून आजच घरात बोला. देह लवकरात लवकर पोचवावा लागतो. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात, आणि नेत्रदान करूनही देहदान करता येतं. अपघात, पोलीस प्रकरण किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर देह स्वीकारत नाहीत. तेव्हा मनाला लावून न घेता नेहमीप्रमाणे संस्कार करावेत.

ती पिशवी सोमवारी परत गेली. जायच्या आधी मुलीनं हाडं ओसरीवर स्वच्छ कपड्यावर मांडली आणि नमस्कार केला. सासूबाई आतून आल्या. हात लावला नाही त्यांनी, पण एक जास्वंदीचं फूल बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "कोणाच्या आईचं लेकरू असेल ते."

बाबांच्या प्रश्नाला इतकं तरी उत्तर आमच्या घरात मिळालं.

आपापल्या घरच्या ग्रुपमध्ये, विशेषतः वडीलधाऱ्यांबरोबर, ह्यावर शांतपणे बोलावं ही विनंती. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्यावं.

श्रीगुरुचरणी सादर.
एक गुरुभगिनी, म्हापसा