शेवटच्या कडव्यातला वामन

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना शाळा मिळाली नाही. पोटासाठी मुंबईला आले तेव्हाही अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि ते वाचता येईना. ही शरम त्यांना इतकी झोंबली की भरल्या तरुणपणी त्यांनी मुळाक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गात त्यांनी उभा महाराष्ट्र पायाखाली घातला.

उसन्या चालींवर नाक मुरडणारे पुष्कळ. पण गायन पार्टीचं गणित वेगळं असतं. वस्तीतला मांडव, एक पेटी, एक ढोलकी, मागे कोरस आणि समोर दिवसभर राबून आलेली माणसं. चाल ओळखीची असली की दुसऱ्या खेपेला ध्रुपद मांडवच उचलतो आणि कान शब्दांकडे मोकळे राहतात. भाषणात माणसं पेंगतात (शिकलेलीही पेंगतात), इथे तोच विचार पाठ करून घरी जातात.

असं पाठ होऊन फिरणाऱ्या गाण्याला मुखपृष्ठ नसतं. म्हणून कर्त्याने नाव गाण्यातच गोवायचं, अभंगात तुका, चोखा येतात तसं. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ज्याला एकेकाळी अक्षर लागत नव्हतं, त्याची ही सही कागदाशिवाय टिकली.

‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रहही निघाले. तरी ‘लोककवी’ म्हणून गौरवायचं आणि कवितेची चर्चा निघाली की ओसरीवरच बसवायचं, ही आपली जुनी रीत. गाणं ऐकताक्षणी कळतं, एवढाच त्याचा गुन्हा असावा.

वामनदादा 2004 मध्ये गेले. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची गाणी आजही वाजतात. पण डीजेला ध्रुपद आणि फार तर एक कडवं पुरतं. कात्री लागते ती शेवटाला, म्हणजे नेमकी सहीला. ध्वनिमुद्रण झालेल्या गाण्याला कवीचं नाव वेगळं देता येतं, तेवढे कष्ट तरी घ्यावेत. ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होणं म्हणजे उघड उचलेगिरी. आणि मंचावर गाणाऱ्याने वेळ कमी असेल तर मधलं कडवं गाळावं, शेवटचं नाही.