ऑलिव्हच्या तोडणीला निघालीस म्हणून

सोनू,

ऑक्टोबरात वेस्ट बँकला, ऑलिव्हच्या तोडणीला जायचं तू पक्कं केलंस. तुझ्या आईने मला ‘तिला आवर’ म्हणून गळ घातली आहे. मी आवरणार नाही. मात्र तू लिहिलंयस की ‘तिथल्या लोकांना वाचवायला’ जातेस, तेवढं डोक्यातून काढून टाक.

तू जिच्यासोबत जातेस ती इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंट २००१ मध्ये उभी राहिली ती पॅलेस्टिनींच्या पुढाकाराने. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं आणि परक्यांनी सोबतीला उभं राहायचं, ही तिची रीत. आमच्या तरुणपणी नर्मदेकाठी धरणात बुडणाऱ्या मणिबेली गावाला शहरातून माणसं जाऊन राहायची, तिथेही मी हेच पाहिलं. ज्याचं घर बुडणार, बैठकीत शेवटचा शब्द त्याचा.

इस्रायली वसाहतींना लागून असलेल्या कित्येक ऑलिव्हच्या बागांत पॅलेस्टिनी मालकालाच वर्षातून मोजके दिवस, तेही इस्रायली लष्कराच्या परवानगीने, पाऊल टाकता येतं. सकाळी झाडाखाली ताडपत्री अंथरतात, गाईची धार काढावी तशी फांदी बोटांत धरून फळं ओढतात. अर्धं झाड उरलेलं असतं आणि जीप येते. सैनिक कागद दाखवतो : हा बंद लष्करी भाग, निघा. तुझं रक्त तापेल. पण आज अडून बसायचं, की उद्या पुन्हा येता यावं म्हणून निघायचं, हा हिशेब त्या शेतकऱ्याचा. तो निघाला तर तूही मुकाट्याने ताडपत्री गुंडाळ. तुला पकडलं तर बहुधा परतीच्या विमानात बसवतील. त्याच्या मुलाला मात्र लष्करी न्यायालयात उभं करतात, आरोपपत्र नसतानाही महिनोन्महिने डांबून ठेवता येतं. म्हणूनच फोटोंतले त्यांचे चेहरे झाकल्याशिवाय काहीही कुठे टाकू नकोस. चित्रण करायचं ते पुराव्यासाठी, आणि तेही त्यांना विचारून.

आता भीतीचं. परदेशी पासपोर्ट ही ढाल आहे, असं पूर्वी म्हणत. याच मूव्हमेंटची अमेरिकन कार्यकर्ती रेचल कोरी २३ वर्षांची होती. १६ मार्च २००३ ला गाझातल्या रफाहमध्ये एक घर पाडू नये म्हणून ती उभी होती, आणि इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली गेली. पुढच्याच महिन्यात तिथेच ब्रिटिश तरुण टॉम हर्नडॉलच्या डोक्यात इस्रायली सैनिकाची गोळी लागली. नऊ महिने बेशुद्ध राहून तो गेला. आणि ६ सप्टेंबर २०२४ ला नाब्लुसजवळच्या बेता गावात, शुक्रवारच्या निदर्शनानंतर, आयशेनूर एझगी एयगी ही २६ वर्षांची मुलगी लष्कराच्या गोळीने गेली. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता. तुझा भारतीय आहे. ही नावं मी तुला घाबरवायला लिहीत नाही. ढालीचा भरवसा धरून जाऊ नकोस, एवढंच सांगतेय.

तिथल्या प्रशिक्षणाची एकही बैठक चुकवू नकोस. अंगावर कुणी धावून आलं तरी हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. हे बोलायला सोपं आहे, म्हणून आधी सराव कर. आणि नाही जमलं तर पहिल्याच आठवड्यात परत ये. कुणी हसणार नाही.

सीमेवरूनच परत पाठवलं जाण्याचीही तयारी ठेव. वकिलाचा नंबर कागदावर लिहून ठेव, फोन काढून घेतात. आणि बेताला काय घडलं ते आईला तू स्वतः सांग, माझ्यावर टाकू नकोस. ती रडेल, तरी सांग.

तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
आत्या