भीती हा गुन्हा आहे काय?

पहिल्या महायुद्धाचे दिवस. ऑक्टोबर १९१६ मध्ये एका पहाटे फ्रान्समध्ये हॅरी फार या २५ वर्षांच्या ब्रिटिश सैनिकाला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. गुन्हा कोणता? शत्रूसमोर भ्याडपणा.

हॅरी काही जन्माचा भित्रा नव्हता. १९१४ पासून तो आघाडीवर लढत होता. तोफांच्या भडिमाराने खचल्यामुळे १९१५ साली त्याला पाच महिने इस्पितळात काढावे लागले. हात इतके थरथरत की, पत्नीला पाठवायची पत्रे परिचारिका लिहून देई. बरा झाला म्हणून त्याला पुन्हा आघाडीवर धाडले. सप्टेंबर १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत, ‘मला हे सहन होत नाही’ म्हणून त्याने पुढे जायला नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याची बाजू मांडायला वकील नव्हता.

लष्करी कायदा कठोर का असतो, हे आपण समजू शकतो. एकाने पाठ फिरवली तर शेजारच्या दहाजणांचा जीव धोक्यात येतो. भारताच्या १९५० च्या सेना कायद्यातही शत्रूसमोरील भ्याडपणाला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. शिस्त हवीच. पण शिस्त मोडणारा आणि मनाने मोडून पडलेला, हे दोघे सारखेच का? हॅरीला शिक्षा देणाऱ्यांनी कृती पाहिली, माणूस पाहिला नाही.

शिक्षा त्याच्याबरोबर संपलीही नाही. पत्नीला विधवेचे निवृत्तिवेतन नाकारले गेले. लाजेपोटी घरात कुणी बोलेना; वडिलांचे काय झाले ते लेकीला चाळिशीत कळले. पुढे तिने न्यायासाठी लढा दिला. अखेर २००६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा ३०६ सैनिकांना माफी दिली. मात्र त्यांची दोषसिद्धी आणि शिक्षा रद्द झाली नाही. मग मनात येते, इथे माफी कुणी कुणाला द्यायची होती?

भीतीपोटी पेत्रानेही आपल्या प्रभूला तीनदा नाकारले. प्रभूने त्याला टाकून दिले नाही. उलट आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली.

बंधू-भगिनींनो, न्यायनिवाडा आपल्या घरातही रोज होतो. परीक्षेला घाबरलेले लेकरू, नोकरी अर्ध्यावर सोडून परतलेला मुलगा. ‘भित्रा’ हा शब्द आपल्या ओठांवर चटकन येतो. तो उच्चारण्याआधी एवढेच विचारू या : बाळा, तुला काय झाले आहे?

हॅरीच्या बाबतीत हा प्रश्न समजून घ्यायला ९० वर्षे लागली.