शिंपल्यातली सही

गिटारच्या पट्टीवर शिंपल्याची नक्षी बसवली म्हणून तिचा आवाज तसूभरही गोड होत नाही. हे मला माझ्या पुतण्यानेच सांगितलं, आणि त्याच दमात त्या नक्षीचा खर्चही सांगितला. तेवढ्यात एक बरी तयार गिटार घरी आली असती. पण तयार गिटारचं नाव त्याच्यापुढे काढायचं नाही. घरी पुरणपोळ्या चालू असताना विकतच्या पोळीचं नाव काढावं, तसं त्याचं तोंड होतं. गेली दोन वर्षं तो वहिनींच्या बाल्कनीत गिटार घडवतो आहे. तुळशीला पाणी घालायचं तर आधी तिच्यावरचा भुसा झटकावा लागतो.

पट्टीवर त्याला बसवायची आहे दादाची सही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, याचा बाप. त्याला जाऊन चार वर्षं झाली.

कल्पना तशी जुनीच. १९३३ साली अमेरिकेत जीन ऑट्री नावाच्या गाणाऱ्याने मार्टिन कंपनीकडून गिटार करून घेतली, तिच्या पट्टीवर त्याचं नाव शिंपल्यात जडवलेलं होतं. आपल्याकडे पातेल्यावर नाव घालतात ते शेजारून परत यावं म्हणून. ऑट्रीला ती भीती नसावी. गंमत अशी, की वाजवताना पट्टीची दर्शनी बाजू वाजवणाऱ्याला धड दिसतही नाही. त्याच्यासाठी कडेला बारीक ठिपके असतात. नक्षी समोरच्यासाठी. म्हणजे बाप पाहायचा तो लोकांनी.

मी म्हटलं, "अरे, मिरजेला जा. तंबोऱ्यावर पानं-वेली बसवणारे हात आहेत तिथे." शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ती वाद्यं आली, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी नक्षीत हस्तिदंतही असे, आता बहुधा प्लॅस्टिक असतं, पण पान हाताने कापलेलं. एका वेलीवरची दोन पानं सारखी निघत नाहीत. खऱ्या वेलीवर तरी कुठे निघतात?

"काका, पान थोडं चुकलं तरी ते पानच राहतं. सही चुकली तर ती दुसऱ्याची होते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ठरलं, की संगणकावर चालणाऱ्या यंत्राकडून कापून घ्यायचं. शिंपला जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा, ठिसूळ. त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. तुकडे लहान मिळतात, म्हणून लांब शिरोरेघ सलग निघत नाही, जोडावी लागते. शिवाय पट्टीवर ठरावीक अंतरावर आडव्या तारा ठोकलेल्या असतात, त्या नावाच्या मधूनच जाणार. "म्हणजे त्यांना गजाआड घालतोस की काय!" वहिनी म्हणाल्या. यंत्राचं पातं गोल फिरतं, म्हणून आतला कोपरा टोकदार निघत नाही. तो शेवटी कानशीने, हातानेच काढायचा. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

खरी अडचण पुढेच होती. कुठली सही? दादाच्या दोन सह्या जन्मात कधी जुळल्या नाहीत. एका बँकेने त्याचे स्वतःचे चेक इतक्यांदा परत केले, की त्याला स्वतःच्या खात्याबद्दल परकेपणा वाटू लागला होता. वहिनींनी घराच्या करारावरची सही काढली, ऐटबाज, शेपटीवाली. इस्पितळाच्या कागदावरची शेवटची सही कुणी वरच काढेना. ती सही म्हणजे नुसता थरथरणारा हात होता. आणि पुतण्याच्या प्रगतिपुस्तकात ओळीने सह्या होत्या, त्यातली एक अगदी करारावरच्या सहीवर ठेवावी अशी. वहिनी हरखल्या. पुतण्या खाली पाहू लागला. ती त्याने स्वतःच ठोकलेली होती, सहावीत, काचेवर कागद धरून!

हस्ताक्षरतज्ज्ञ हेच सांगतात. खऱ्या माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या नसतात. सारख्या निघाल्या की गिरवल्याचा संशय घ्यावा. मग यंत्र केसभरही न चुकता जे कापणार, ते काय? दादाची सही की सहावीतल्या उद्योगाचीच महागडी आवृत्ती? माझा सगळा राग यंत्रावर गेला, पण तो टिकला नाही. कारण आराखडा करणाऱ्याकडून चित्र आलं, त्यात दादाची वाकडी शिरोरेघ सरळ झाली होती. सोबत निरोप: "थोडं स्वच्छ केलं आहे. त्याचे पैसे नाहीत."

यंत्राने हे केलं नव्हतं. यंत्राला वाकडं दिलं असतं तर त्याने इमानाने वाकडंच कापलं असतं. स्वच्छ करायची हौस माणसाची, आणि त्या गृहस्थाला मी काय बोलणार? भिंतीवरच्या फोटोत दादाचा चष्म्याचा वण आम्हीच काढून टाकलाय. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत 'मनमिळाऊ' छापलंय. दादा आणि मनमिळाऊ! रिक्षावाल्यापासून जावयापर्यंत कुणाशी त्याचं जमलं नाही. जमायचं ते माझ्याशी, आणि तेही मी गप्प बसलो तर. तो मनमिळाऊ माणूस कोण, मला माहीत नाही. मला आठवण येते ती या दुसऱ्याची.

पुतण्याने आराखडा परत पाठवला. रेघ आहे तशी हवी, वाकडी. आणि सही निवडली ती सातवीच्या सहामाहीची, गणिताच्या चौतीस मार्कांखालची. रागाने केलेली, कागद फाटेपर्यंत दाबलेली, शेवटी शाई उडालेली. "ही नक्की त्यांचीच," तो म्हणाला, "मी समोर उभा होतो."

तुकडे आले गेल्या आठवड्यात. आडनावाची शेपटी वाटेतच मोडली होती. ती तो आता सोनाराच्या बारीक करवतीने स्वतः कापतोय. तीन शिंपले फुकट गेले, चौथा चालू आहे. वहिनी तुळशीवरचा भुसा झटकत म्हणाल्या, "छान दिसेल रे. फक्त कुणी विचारलं तर मार्क सांगू नकोस."