ज्याचा बैल, त्याचा पट

नागपूरहून हैदराबादेकडे निघालं की हिंगणघाट मागे पडतं आणि थोड्या वेळानं वडनेर येतं. राष्ट्रीय महामार्ग ४४. ट्रकांची रांग रात्रीही तुटत नाही. तिथंच कडेला एका कडुनिंबाखाली गॅरेज आहे, आणि रस्त्याच्या पलीकडं ढाबा. गॅरेज नातवाचं, निंबाखालची खाट आबाजीची.

आबाजी एके काळचे धुरकरी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांच्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटली की लोक हातातला चिवडा विसरत. आता गुडघे गेले होते. दिवसभर खाटेवर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं. एक सवय मात्र पक्की. खाट कशीही पडलेली असो, बसायचं ते ढाब्याकडं तोंड करून.

नातू एकोणीस वर्षांचा. हिंगणघाटला आयटीआय केलेला. इंजिनाला कान लावून दुखणं सांगणारा. रात्री गिऱ्हाइकाची मोटारसायकल ‘ट्रायल’ला म्हणून काढायचा आणि रिकाम्या जोडरस्त्यावर काटा शंभराच्या पुढं न्यायचा. आबाजींना आवाजावरून कळायचं. ते बोलत नसत.

१० फेब्रुवारी २०२३ चा शुक्रवार. नागपूरची एक मोटार वाफा सोडत गॅरेजसमोर थांबली. आत दोन माणसं. त्यातले एक इंजिनियर साहेब, मोटार शर्यतींचे नादी. दुसऱ्या दिवशी हैदराबादला फॉर्म्युला ई ची शर्यत होती, भारतातली पहिली. तिकिटं खिशात आणि गाडी वडनेरला आडवी.

पोरानं बॉनेट उघडलं, पण झाकणाला हात लावला नाही. “थंडी होऊ द्या, साहेब. नाहीतर तोंड भाजते.” वीस मिनिटांनी त्यानं रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला. क्लिपेजवळ बोटभर चीर होती. नवा पाइप मिळायचा तर हिंगणघाटला. त्यानं ब्लेडनं चिरलेला तेवढाच तुकडा कापून टाकला, उरलेला पाइप गरम पाण्यात धरून मऊ केला, ओढून नळीवर बसवला, क्लिप आवळली. मग थोडं थोडं पाणी ओतत, मधे थांबून हवा जाऊ देत टाकी भरली. मजुरी सांगितली शंभर रुपये.

साहेब बघतच राहिले. म्हणाले, “आमचा तिसरा गडी आला नाही. एक तिकीट फुकट जातंय. येतोस?”

पोरानं आबाजीकडं पाहिलं.

“जा,” आबाजी म्हणाले. “पट पाह्याले नाही म्हनू नये.”

पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल करत ते चारशे किलोमीटर पोरगा जागा होता. शनिवारी हुसेन सागराच्या काठी त्यानं जे पाहिलं ते त्याला आठवडाभर सांगता येईना. शहराचेच रस्ते अडवून पावणेतीन किलोमीटरांच्या आसपासची वाट केलेली. गाड्या बॅटरीवरच्या, पेट्रोलचा वास नाही, आवाज मिक्सर लावल्यासारखा. चालकानं वेग आवरला की चाकांतली ताकद पुन्हा बॅटरीत. महिंद्राची गाडी समोरून गेली तेव्हा तो उभा राहून ओरडला. त्या नावाचा ट्रॅक्टर कालच त्याच्या हाताखाली होता. जिंकला फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हर्न. मागचा अंगावर आलेला, आणि हा उरलेली बॅटरी पुरवत पुरवत पुढचा नंबर राखून होता.

परतल्यावर पोरानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली व्हर्नची. आबाजी हसले. “म्हंजे सारं धावनं पहिल्याच दमात उधळलं नाही त्यानं. शाना धुरकरी हाय.”

दुसरी गोष्ट सांगायला त्याला तीन दिवस लागले. खिशात एक पत्रक होतं. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका अकादमीचं. फी लाखांत. “आबाजी, आपलं अडीच एकर वावर इकू. एकदा नाव झालं का दहा एकर घेऊन देतो.”

आईनं हातातली भाकर तशीच ठेवली. आबाजी मात्र रागावले नाहीत. “इकू,” ते म्हणाले. “पन एक पट होऊ दे. पुढच्या पटापावतर मी सांगीन ते करशीन काय?”

“करीन.”

दुसऱ्या आठवड्यात आबाजींनी बाजारातून एक गोऱ्हा आणला. पांढरा, अंगानं हलका, पायानं सडसडीत. गवळाऊ. वर्धा जिल्ह्याचं स्वतःचं बैलवाण. मराठ्यांच्या फौजांची रसद याच जातीनं झपाझप वाहिली, असं जुनी माणसं सांगतात. गोठ्यात एक म्हातारा बैल होताच, त्याचा जोडीदार मेलेला. “याले त्याच्यासंगं शिकव. पहाटे चारले उठायचं.”

पोरगा वैतागला. शर्यतीच्या गाड्या बघून आलेल्या माणसानं शेण काढायचं? पण शब्द दिला होता. पहाटे कुटार, सरकीची ढेप, पाणी. मग गोऱ्ह्याला नुसतं चालवायचं. पहिला महिनाभर पळवायचं नाहीच. मग म्हाताऱ्या बैलासोबत जू मानेवर घ्यायला शिकवायचं. मग रिकामा छकडा. गोऱ्हा बिचकायचा, दोरी तोडायचा, एकदा सरळ ढाब्यात घुसला.

“तुतारी घेऊ काय?” पोरानं विचारलं.

“आर टोचून पयवलेला बैल आरीलेच वयखते, मालकाले नाही. अन् आता नव्या नियमातही ते चालत नाही.”

नियमाचा विषय निघाला की आबाजी खुलायचे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. साडेसात वर्षं पट भरला नव्हता.

“त्या साडेसात वर्षात काय झालं सांगू? ज्यायनं बक्षिसासाठी जोड्या आनल्या होत्या, त्यायनं पयल्याच साली इकल्या. आमी नांगराले जुंपत राह्यलो. परवानगी आली तवा कोनाच्या गोठ्यात बैल होते?”

पोरगा ऐकायचा आणि मोबाइलवर शर्यती बघायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं गोऱ्ह्याची खांद शेकली. हळद, तूप, गरम तळवा. जू घासून घासून मानेवरची कातडी जिथं जाड होऊ लागली होती, तिथं त्याचा हात थांबला. आबाजींनी बैलांच्या कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. “पाह्य बाबू, आवतण त्यालेच देतात जो वर्षभर खांद्यावर घेते.”

जानेवारी २०२४. हैदराबादची दुसरी शर्यत १० फेब्रुवारीला होणार होती. पोरानं तिकिटाचे पैसे साठवले होते. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात बातमी आली की शर्यत रद्द. तेलंगणात सरकार बदललं होतं, नव्या सरकारला तो करार नको होता.

काही दिवसांनी साहेबांची मोटार पुन्हा निंबाखाली थांबली. या वेळी गाडी ठणठणीत होती, चहासाठीच थांबले होते. पोरानं तक्रार केली, जणू शर्यत त्यांनीच रद्द केली.

साहेब हसले नाहीत. “मी तुला गेल्या वर्षी अर्धीच गोष्ट सांगितली,” ते म्हणाले. “दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. पाच किलोमीटरांहून थोडं जास्त, जगात नावाजलेलं. २०११, २०१२, २०१३, तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला. मग? उत्तर प्रदेश सरकार म्हणालं, हा खेळ नाही, करमणूक आहे, करमणूक कर भरा. शर्यतीवाले गेले. २०२३ मध्ये मोटोजीपी आली, एकदाच. एवढा मोठा ट्रॅक, पण शर्यत भरवायचा हक्क बाहेरच्या कंपनीचा. तो ज्याला परवडेल त्या देशाला विकला जातो. यजमान पैसे मोजतो तोवर मांडव उभा.”

“म्हणजे आपल्याकडं काहीच होत नाही?”

“होतं ना. दक्षिणेत जा. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धाच्या काळातली धावपट्टी पडून होती. लोक तिच्यावरच गाड्या पळवायला लागले. त्यातून शर्यतीवाल्यांचा क्लब तगला, १९९० मध्ये त्यांनी स्वतःचा ट्रॅक केला. कोइंबतूरला करिवर्धन नावाचा माणूस होता. परदेशी शर्यतीची गाडी परवडत नाही म्हणून रडत बसला नाही. मारुती ८०० चं इंजिन घेतलं, बाकीची गाडी तिथंच बनवली. फॉर्म्युला मारुती. कोइंबतूरचाच नरेन कार्तिकेयन त्याच गाडीतून शर्यतीला लागला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचणारा पहिला भारतीय झाला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या नावाचा ट्रॅक अजून कोइंबतूरला चालू आहे.”

आबाजी खाटेवरून म्हणाले, “त्याचा बैल गोठ्यातला होता.”

“अगदी बरोबर,” साहेब म्हणाले. मग पोराकडं वळले. “आणि पुढचं ऐक. २०२६ पासून फॉर्म्युला वनच्या गाडीत जवळपास अर्धी ताकद विजेची असणार. इंधनही नव्या पद्धतीचं, खनिज तेल नसलेलं. उद्या बॅटरीचं दुखणं कान लावून ओळखणारे लोक लागतील. चालवणारा एक असतो, मागं डझनावारी हात असतात. तुझा पाइप कापायचा हात मी विसरलो नाही.”

त्याच महिन्यात शेजारच्या गावी पट भरला. पोरानं म्हातारा बैल आणि गोऱ्हा जुंपला. तो स्वतः छकड्यावर. जोडी सरळ सुटली, सरळ पोचली. घड्याळात वेळ साधारणच निघाली. बक्षीस नाही. पण गोऱ्हा बिचकला नाही, आणि शेवटाला नुसत्या हाकेवर थांबला.

त्याच्यामागून एक जोडी आली, महागाची, त्याच आठवड्यात खरेदी केलेली. धुरकऱ्यानं हाक दिली, बैल वळले ते गर्दीकडं. पळापळ. कोणाला फार लागलं नाही, पण छकडा मोडला. तिथंच एक सुतार करवत घेऊन बसला होता. तासाभरात त्यानं दांडी बदलून दिली. पोरानं त्याला विचारलं, “दादा, किती वर्षं झाली पटाले येऊन?”

“पट होता तवा छकडे केले. पट नव्हता तवा तिफनी केल्या. हात काही बंद पडले नाही.”

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. आबाजी छकड्यात मागं बसलेले. वडनेरचे दिवे दिसू लागले, ढाब्याची रंगीत पाटी लुकलुकत होती.

“तो ढाबा कोनाच्या जागेवर हाय, ठाऊक हाय काय?”

“ढाबेवाल्याच्या.”

“आपल्या. एक एकर होतं तिथं. तुहा बाप तवा पाळण्यात होता. मी लांबून एक जोडी आनली, पाच पट मारलेली. त्यासाठी इकलं. सहावा पटही मारला तिनं. गावानं मले खांद्यावर घेतलं. पन ते बैल माह्या हाकेवर पयतच नव्हते रे, जुन्या मालकाच्या आठवनीवर पयत होते. दुसऱ्या साली एक लंगडला, दुसरा माह्याकडं पाहेच ना. मंग रस्ता रुंद झाला, एकराले भाव आला. तवा ते आपलं नव्हतं.”

पोरगा गप्प. बैलांच्या पायांचा आवाज तेवढा.

“मी तुले नाही म्हनत नाही,” आबाजी म्हणाले. “पट झाला. शब्द मी पाळतो. सांगशीन तर उद्या गिऱ्हाईक पाह्यतो वावराले.”

दुसऱ्या दिवशी पोरानं गॅरेजच्या भिंतीला चिकटवलेलं पत्रक काढलं. फाडलं नाही. त्याच्या कोऱ्या मागच्या बाजूवर आकृती काढायला लागला.

हिंगणघाटच्या भंगारवाल्याकडून ई-रिक्षाची जुनी मोटर आणली. बॅटऱ्या उघडून, मोजून, मेलेल्या बाजूला काढल्या. मोटारसायकलची चाकं, पाण्याच्या पाइपाची चौकट. कंट्रोलर दोनदा जळाला. रात्री जोडरस्त्यावर शंभराचा काटा आता कोणी ऐकला नाही. रात्री वेल्डिंगच्या ठिणग्या दिसायच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्याकडं लहान पोरं लाकडी बैलांना चाकं लावून दोरीनं ओढत नेतात. सिंदीचा तान्हा पोळा तर जिल्ह्यात नावाजलेला. वडनेरच्या रांगेत त्या वर्षी एक वेगळा नंदी आला. चाकांवर बसकी गाडी, पुढं लाकडी बैलाचं तोंड, शिंगांना बेगड. चालवायला पोरानं गल्लीतला सहावीतला मुलगा बसवला होता. आवाज मिक्सर लावल्यासारखा. देवळाच्या अलीकडं बॅटरी संपली. पोरांनी ढकलत नेली. पोरगा मागून धावत होता, आणि कुठली तार गरम झाली ते बोटानं चाचपत होता.

महामार्गावरून जाणारी एक मोटार थांबली. कॉलेजची चार पोरं उतरली. कुठल्याशा स्पर्धेसाठी तेही बॅटरीची गाडी बनवत होते आणि त्यांचीही तार गरम होत होती. तासभर पाचही डोकी त्या लाकडी बैलाच्या शिंगांमध्ये घुसली होती. जाताना त्यांनी पोराचा नंबर घेतला.

संध्याकाळी पोरगा खाटेपाशी आला. आबाजींनी विचारलं, “कुठलं आवतण आलं काय?”

“नाही अजून.”

“येईन,” आबाजी म्हणाले. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खाट ओढून गॅरेजकडं तोंड केलं. “बैल गोठ्यात हाय ना आता.”