काका, काही मोठा खर्च नाही ना?

2023 चा मे महिना. कात्रपला आमच्या सोसायटीच्या आवारात एक तरुण माझ्या गाडीभोवती फिरत होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी, घरात सहा महिन्यांचं बाळ, बायकोचं माहेर कर्जतच्या पुढे. लोकलच्या गर्दीत बाळाला नेणं नको म्हणून जुनी गाडी बघत होता. त्याने बॉनेट उघडून बंद केलं, टायरवर लाथ मारली आणि विचारलं, "काका, काही मोठा खर्च नाही ना?"

मी म्हणालो, "सगळं करून घेतलंय. क्लच नवीन, रेडिएटर नवीन. बिलं आहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. क्लचचे साडेआठ हजार, रेडिएटरचे साडेचार, पुढच्या सस्पेंशनचे आर्म आणि बुश अकरा हजार, कुर्ल्याहून आणलेला वापरलेला एसी कॉम्प्रेसर बसवून नऊ हजार, वायरिंगच्या कामाचे तेरा. एकूण सेहेचाळीस हजारांच्या पावत्या मी फाईलला लावून ठेवल्या होत्या. त्याने त्या चाळल्या, एक लाख दहा हजारांना सौदा ठरला आणि पाच हजार टोकन देऊन तो गेला.

जे मी सांगितलं नाही, ते असं. 2009 ची ही सेडान मी 2020 च्या फेब्रुवारीत घेतली, तेव्हा सीट कव्हर नवी होती आणि आत सुगंधी डबी ठेवलेली होती. पहिल्या पावसाळ्यात काचा बंद केल्या की कुबट वास येऊ लागला. मग ब्लोअर गेला, मग पॉवर विंडो. मेकॅनिकने कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ, सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये तांब्यावर हिरवा थर. तो म्हणाला, "साहेब, गाडी पाण्यात उभी होती." जुलै 2019 चा पूर बदलापुरात कोण विसरेल? 27 तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. गाडीचा आधीचा मालक पश्चिमेला, नदीच्या बाजूला राहायचा, हे मला आरसी बुकावर दिसलं होतं. दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

तेरा हजार खर्चूनही एक दोष राहिलाच. जोराच्या पावसात चालती गाडी कधीकधी बंद पडायची. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. वर्षातून दोन-तीनदा. मेकॅनिकचं म्हणणं, सगळं वायरिंग बदलल्याशिवाय हे जाणार नाही. एकदा कर्जत रस्त्यावर मागून डंपर येत असताना ती अशी थांबली होती. ते मी घरी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या रात्री झोप लागेना म्हणून कायदा काय म्हणतो ते शोधत बसलो. खरं तर सुटका शोधत होतो, आणि ती मिळालीही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 च्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशा गोष्टीबद्दल नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे. उदाहरण घोड्याचं आहे. मालकाला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे, तो लिलावात विकताना काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. घोड्याच्या जागी गाडी ठेवा, मी सुटलो.

पण कायदा तिथे थांबत नाही. दुसरं उदाहरण आहे: घोडा घेणारी त्या मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि तिसरं: घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा ठीक आहे असं मी धरून चालेन; अशा वेळी मालकाचं मौन हेच त्याचं बोलणं.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हा कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की प्रश्न घोड्याचा नाही, नात्याचा आहे. परक्यासमोर गप्प बसता येतं, लेकीसमोर नाही. आणि आपल्याकडे तर परकं कुणी नसतंच. भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला दादा, गाडी विकणाऱ्याला काका. आपण हे शब्द सवयीने वापरतो, घासाघीस करतानाही वापरतो. तो मुलगा मला काका म्हणाला तेव्हा त्यालाही त्यात फार काही म्हणायचं नसेल. पण मी ते नाकारलं नव्हतं. उलट, त्या शब्दाच्या आडोशाने पावत्या पुढे केल्या होत्या.

हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने एका धान्य व्यापाऱ्याचं उदाहरण दिलंय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, व्यापारी धान्य घेऊन पोहोचलाय, मागून आणखी जहाजं येताहेत हे फक्त त्याला माहीत आहे. सांगावं का? एक पक्ष म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. सिसेरोला ते पटत नाही. समोरच्याला जे कळण्याने त्याचं भलं आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं म्हणजेच लपवणं, असं तो मानतो.

मग विकणाऱ्याने सगळंच सांगायचं का? मला तसं वाटत नाही. डाव्या दाराचा पोचा दिसतो, सस्पेंशनचा आवाज ऐकू येतो, टायरची झीज हाताला लागते. ते बघणं घेणाऱ्याचं काम. पण काही प्रश्न घेणाऱ्याला विचारताच येत नाहीत, कारण असा प्रश्न असतो हेच त्याला माहीत नसतं. मी 2020 मध्ये पुराबद्दल विचारलं नव्हतं. विकणाऱ्यावर ऋण असतं ते अशा न सुचलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचं. त्यात कुणाच्या जिवाचा संबंध असेल तर जास्तच.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचा मुद्दा सोपा आहे: चांगली गाडी कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना बेताचा भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्याच उरतात. म्हणजे माझ्या गप्प राहण्याची किंमत तो मुलगा एकटाच मोजणार नव्हता. ज्याची गाडी खरंच चांगली आहे, असा कुणी अनोळखी माणूसही मोजणार होता.

सकाळी फोन केला. पूर, गाळ, पावसात बंद पडणं, डंपर, सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. संध्याकाळी येऊन टोकन परत घेऊन गेला. मला वाटलं होतं, निदान आभार मानेल. जाताना तो एवढंच म्हणाला, "हे काल का नाही सांगितलंत?" काका म्हणाला नाही.

पुढच्या आठवड्यात एक एजंट आला. मी सांगायला लागलो तर म्हणाला, "मला काही सांगूच नका. नव्वद देतो." त्याला कळायला नको होतं, म्हणजे त्याला पुढे सांगावं लागलं नसतं. मी त्याला दिली असती तर माझे हात स्वच्छ राहिले असते, आणि तोच डंपर दुसऱ्या कुणाच्या मागे लागला असता.

गाडी शेवटी मेकॅनिकनेच घेतली, पंचावन्न हजारांना. सगळं वायरिंग काढून त्याने नवीन घातलं, गाडी स्वतःच्या नावावर केली. पावसातही ती आता बंद पडत नाही. कात्रपच्या रस्त्यावर दिसते अधूनमधून, मेकॅनिक हॉर्न वाजवतो.

एजंटच्या भावापेक्षा पस्तीस हजार कमी आले. त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण हिशेब करायला बसलो की अडतो तो त्या मुलाच्या प्रश्नापाशी. त्या एका रात्रीचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.